पगारातलं कापलेलं कुठे जातं

काशिनाथ शेजवलकर स्वतःची ओळख करून देताना म्हणत, "मी कारखान्यात कापाकापी करायचो." समोरचा दचकायचा. मग ते समाधानानं हसत. त्यांची नोकरी पगार विभागात होती. भोपाळच्या बरखेडा वसाहतीत राहणाऱ्या हजारो माणसांच्या पगारातून जे जे कापलं जाई, ते त्यांच्या टेबलावरून जाई.

कापायला पुष्कळ असायचं. क्वार्टरचं भाडं, विजेचं बिल, प्रॉव्हिडंट फंड, पतपेढीचा हप्ता, शाळेची बस. गणपतीची वर्गणीसुद्धा. मंडळानं एकदा अर्ज दिला होता, की ज्यांची हरकत नसेल त्यांची वर्गणी श्रावणातल्या पगारातूनच घ्यावी. तेव्हापासून वर्गणीसाठी कुणी दारात उभं राहत नसे. बाप्पा पगारातून परस्पर यायचे.

"तुमचा देवसुद्धा कापून येतो," सरोजबाई म्हणत. त्यांचं माहेर ग्वाल्हेरचं. तिथे वर्गणी भांडून द्यायची रीत होती.

या नोकरीनं काशिनाथरावांना एक श्रद्धा दिली. जे कापलं जातं ते आपलंच असतं. ते आपल्या नावानं कुठेतरी साठत असतं आणि एक दिवस व्याजासकट परत येतं. त्यांनी कितीतरी लोकांना निवृत्त होताना पाहिलं होतं. गळ्यात हार, हातात नारळ, शेजारी नवी साडी नेसलेली बायको, आणि फंडाचा चेक. आयुष्यभर थोडं थोडं नाहीसं झालेलं त्या दिवशी एकदम समोर उभं राहायचं. काशिनाथराव ते बघायला मुद्दाम टेबलावरून उठून जात. आरतीला जावं तसे.

त्यांचा स्वतःचाही दिवस आला. हार, नारळ, चेक, सगळं झालं. मग क्वार्टर सोडावं लागलं. फंडातलं बरंचसं गावाकडच्या सामायिक घराला आणि मुलीच्या शिक्षणाला आधीच गेलं होतं. साकेत नगरात, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथून कारखान्याचा भोंगा ऐकू येई. वारा बरखेड्याकडून असला तर स्पष्ट, नसला तर स्वप्नात ऐकल्यासारखा. दुपारी ते आडवे होत आणि डोळा लागला की बरखेड्यात असत. रुंद रस्ते, चिंचेची झाडं, कुंपणावरची मधुमालती, सायकलींची रांग. स्वप्नात त्यांना कुणी भेटत नसे. नुसते रस्ते असत, आणि ते कामावर निघालेले असत.

त्या घरात नवरा-बायकोखेरीज तिसरा एक प्रश्न राहायचा. आपण गेल्यावर वंदनाचं कोण?

वंदना त्यांची एकुलती एक. परिचारिका. लग्न जमलं नाही, मग तिनं जमवणंच सोडून दिलं. चाळिशीला टेकेपर्यंत ती भोपाळमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये काम करत होती. तिचा पहिला पगार झाला तेव्हा काशिनाथरावांनी विचारलं होतं, "काय काय कापलं?"

"काही नाही बाबा. सगळा हातात दिला."

"फंड?"

"आठ-दहा माणसं आहोत आम्ही. फंडबिंड काही नाही."

ज्या पगारातून काहीच कापलं जात नाही तो पगार काशिनाथरावांना उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखा वाटला. त्यांना कारखान्यानं सांभाळलं होतं. घर दिलं, इस्पितळ दिलं, पोरीला शाळा दिली. वंदनाला सांभाळणारं कुणी नव्हतं. ती दुसऱ्यांना सांभाळून घरी येई आणि पाय गरम पाण्यात सोडून बसे.

मग तिनं जर्मन शिकायला घेतलं. घरात दोन वर्षं विचित्र आवाज होत राहिले. सरोजबाई म्हणत, "ही बोलते की खाकरते?" आणि एका वर्षी गुढीपाडवा झाल्यावर ती हबीबगंजहून गाडीत बसून दिल्लीला आणि तिथून जर्मनीला गेली. पुढे स्टेशनचं नाव बदललं. काशिनाथरावांच्या तोंडातलं बदललं नाही. त्यांची मुलगी हबीबगंजहून गेली होती. ती परत यायची तर हबीबगंजलाच.

नदीकाठच्या एका लहान गावात वृद्धांच्या निवासात तिला काम मिळालं. दर रविवारी दुपारी ती फोन करी. तिच्याकडे तेव्हा सकाळ असे. पहिला पगार झाला त्या रविवारी तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, जवळजवळ तिसरा हिस्सा कापलाय."

काशिनाथराव खुर्चीत सावरून बसले. फार दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ऑफिस उघडलं. "वाच," ते म्हणाले.

तिनं वाचलं. आयकर. पेन्शनचा हप्ता. आरोग्य विम्याचा. नोकरी गेली तर म्हणून एक. म्हातारपणी कुणी उचलायला-बसवायला लागलं तर त्याचा एक.

"आणि चर्चचा कर मला नाही लागला. नाव नोंदवताना धर्म विचारतात. हिंदू लिहिलं, म्हणून तो नाही."

"म्हणजे तिथेही देवाची वर्गणी पगारातूनच?" काशिनाथरावांना त्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. "बघ सरोज! मी म्हणत होतो!"

"तुम्हाला तिकडेच नोकरी करायला हवी होती," सरोजबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन स्वतःकडे वळवला. "काय गं, आणखी काय कापतात?"

"आई, तो उचलण्या-बसवण्याचा हप्ता आहे ना, तो ज्यांना मूल नाही त्यांना थोडा जास्त पडतो."

"मूल नाही म्हणून दंड?" सरोजबाईंचा आवाज चढला. "इथल्या बायका काय कमी होत्या विचारायला, की तिकडे सरकारही विचारायला लागलं?"

"दंड नाही गं."

"मग काय बक्षीस आहे?"

काशिनाथरावांनी हात वर केला. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर गर्दी भांडायला लागली की ते असाच हात वर करत. "कापू दे," ते म्हणाले. "सगळं कापू दे, वंदना. ते आपलंच आहे."

चार वर्षं ते हेच म्हणत राहिले. वंदना थकलेली दिसली की म्हणत, "साठतंय, साठतंय." ती ऐकून घेई. घरात कापाकापीचं कळणारे तेच होते.

पाचव्या वर्षी साकेत नगराच्या पलीकडे एक इमारत उठू लागली. काशिनाथराव संध्याकाळी फिरत तिकडे जात. अजून भिंती नव्हत्या, नुसते खांब होते. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची एक चौकट निवडून ठेवली. तिच्यातून मागचं आकाश दिसे. दुपारच्या झोपेत ती चौकट घराची झाली. तिला बाल्कनी आली, बाल्कनीत दोरी आली, दोरीवर वंदनाच्या साड्या आल्या. वंदना तिथे उभी असे. तिचे केस पांढरे असत. कधीमधी ती चिमटे लावत असे. काशिनाथराव खालून बघत. ती खाली बघत नसे, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. तिच्या डोक्यावर छप्पर होतं.

पावसाळा सरला तेव्हा त्यांनी फोनवर सांगून टाकलं. "वंदना, आता पुरे. पाठ दुखते म्हणतेस. सगळा हिशेब मिटवून घे आणि दिवाळीला घरी ये. आलेल्या पैशांत इथे घर घेऊ. मी बघून ठेवलंय."

"चौकट बघून ठेवलीय," मागून सरोजबाई.

"बाबा," वंदना म्हणाली, "मी चौकशी करते."

पुढच्या रविवारी ती निवासाच्या स्वयंपाकघरात बसून बोलत होती. मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"मी कार्यालयात जाऊन आले. आयकर गेला तो गेला."

"आयकराचं मी धरलंच नव्हतं. तो इथेही कुणाला परत मिळतो? इथे पुन्हा द्यावा लागेल का, ते सांग."

"नाही. राहते इथे, काम इथे, म्हणून या पगारावरचा कर इथेच. तिकडे माझ्या नावची ठेव आहे ना, तिचं व्याज मात्र दोन्हीकडे सांगायचं. पण दोनदा भरायचं नाही. एकीकडे भरलेलं दुसरीकडे धरतात."

"योग्य आहे," काशिनाथराव म्हणाले. "पुढे?"

"आरोग्याचा हप्ता संपला. तो त्या त्या महिन्याचा. नोकरी गेली तरचा आणि उचलण्या-बसवण्याचाही इथेच राहील."

काशिनाथरावांची मान हळूहळू खाली येत होती.

"पेन्शनचं तसं नाही. पाच वर्षं भरायच्या आत मी परत आले, तर दोन वर्षं थांबून माझा वाटा मागता येतो. निवासानं माझ्यासाठी भरलेला अर्धा वाटा मिळत नाही."

"आणि व्याज?"

"व्याज नाही, बाबा."

"नाही कसं? एवढी वर्षं त्यांनी ते कुठे ठेवलं होतं मग?"

"ठेवलेलं नाहीच."

"म्हणजे?"

"माझ्या नावानं काही साठत नाही. या महिन्यात माझं जे कापतात ते याच महिन्यात इथल्या म्हाताऱ्यांना पेन्शन म्हणून जातं." वंदनानं मागे बघितलं. "म्हणजे समजा, हेडविगआजींना जातं. मी सांगते ना तुम्हाला त्यांच्याबद्दल. बटणांच्या कारखान्यात होत्या त्या. आता सूप भरवायला लागतं."

"तू भरवतेस?"

"हो."

"आणि पैसेही तूच देतेस?"

वंदना हसली. "तसं म्हटलं तर हो."

काशिनाथराव हसले नाहीत. त्यांना खिडकीसमोर रांगेत उभे असलेले सगळे लोक आठवले. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, तुमचं तुमच्या नावावर आहे. ते खरंच होतं. पण तेवढंच जगभर खरं असेल असं धरून त्यांनी मुलीला चार वर्षं सांगितलं होतं.

"दुसरा रस्ता आहे," वंदना म्हणाली. "पाच वर्षं पूर्ण केली, तर परत मिळत नाही. पण मग मी म्हातारी झाले की दर महिन्याला थोडी पेन्शन येते. मी कुठेही असले तरी. भोपाळला असले तरी."

"थोडी म्हणजे?"

"घर नाही व्हायचं त्यात. दूध, भाजी, औषधं निघतील. दिवाळीला आले तर पाच भरत नाहीत. गुढीपाडव्यापर्यंत थांबले तर भरतात. तुम्ही सांगाल तसं करते. एवढी वर्षं तुम्हीच सांगत आलात."

त्यांनी फोन सरोजबाईंच्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी सरोजबाई चहा घेऊन आल्या. "काय एवढं तोंड पाडलंत? घरदार बुडाल्यासारखं."

"बुडालंच. आपल्याला वाटलं साठतंय."

"आपल्याला नाही. तुम्हाला."

"बरं, मला."

सरोजबाई कठड्याला टेकल्या. "बरखेड्यात पाण्याची टाकी होती ना. नळ सोडला की पाणी यायचं. त्या टाकीत शेजवलकरांचं पाणी वेगळं ठेवलेलं होतं का?"

काशिनाथराव चहाचा कप नुसता हातात फिरवत राहिले.

"आणि खरं सांगा. तुम्हाला पैसे हवेत की पोरगी हवी?"

"तिला घर हवं. आपण गेल्यावर तिनं कुठे जायचं?"

"ते मला माहीत नाही," सरोजबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "चहा थंड होतोय."

त्या आठवड्यात काशिनाथरावांना झोप लागली की हेडविगआजी दिसू लागल्या. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण ती बरखेड्याच्या रस्त्यांवरून चालत असे, चिंचेखालून, हळूहळू, डोक्याला रुमाल बांधून. जिथे कधी कुणी भेटत नसे तिथे आता ही बाई होती. ती कारखान्याच्या दिशेनं जात असे. काशिनाथराव तिला विचारू बघत, माझ्या मुलीचे पैसे तुमच्याकडे आहेत का? पण स्वप्नात आवाज फुटत नाही. ती वळून बघे आणि ओंजळ पुढे करी. ओंजळीत बटणं असत. पांढरी, सदऱ्याची. मग भोंगा व्हायचा आणि ते जागे व्हायचे.

पुढच्या रविवारी त्यांनी वंदनाला सांगितलं, "मला त्या बाईंना बघायचंय."

वंदनानं आजींना विचारलं, आणि त्यांना सूप भरवायच्या वेळी पुन्हा फोन लावून तो त्यांच्यासमोर धरला. आजी स्वप्नातल्यापेक्षा खूप लहान होत्या. उशीत बुडालेल्या. रुमाल नव्हता. कापसासारखे केस होते आणि डोळे फार निळे. काशिनाथरावांनी दोन्ही हात जोडले. आजींनी ते बघून आपलेही जोडले.

"विचार त्यांना, सूप गरम आहे ना?"

वंदनानं विचारलं. आजींनी तोंड वाकडं करून काहीतरी सांगितलं.

"म्हणतात, गरम आहे पण अळणी आहे."

"बाई आपल्यातलीच दिसते," सरोजबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"त्यांना सांग," काशिनाथराव चाचरत म्हणाले, "सांग की तुझ्या पगारातून... म्हणजे त्यांना माहीत आहे का?"

"मी कधीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, मग मला तुझ्याशी नीट वागायला हवं." वंदनानं आजींच्या गालाला लागलेला रस्सा टिपला. मग आजीच बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. वंदना ऐकत होती आणि हसत होती.

"म्हणतात, मी बटणं करायचे तेव्हा माझेही कापायचे. मी घरी येऊन रडायचे. आमच्या गल्लीत माझ्या शाळेतली बाई राहायची. म्हातारी झाली होती. ती मला लहानपणी पट्टीनं मारायची. तिची पेन्शन माझ्या पगारातून जायची. ती नवी टोपी घालून चर्चला निघाली की मी आईला म्हणायचे, बघ, माझी टोपी चाललीय."

सरोजबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आजीही हसत होत्या. त्यांना दात नव्हते. काशिनाथराव नुसते बघत राहिले. मग आजींचे डोळे मिटू लागले आणि वंदना म्हणाली, "चला, आता त्यांना झोपवते." फोन बंद होण्यापूर्वी त्यांना दिसलं, की आजींनी वंदनाचं मनगट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पायी बरखेड्याला गेले. आपलं जुनं क्वार्टर बाहेरून बघितलं. तिथे कुणाची तरी तुळस होती, कुणाची तरी स्कूटर. पाण्याची टाकी अजून होती. तिच्याखाली ओल धरलेली होती आणि ओलीवर फुलपाखरं बसली होती.

"भाऊजी? वर काय बघताय? चढणार आहात की काय?"

सुशीलाबाई होत्या. हातात भाजीची पिशवी. त्यांचे यजमान केशव काशिनाथरावांच्याच विभागात होते. हृदयविकारानं गेले तेव्हा पदरात दोन पोरं होती. आता त्यातला एक कारखान्यातच होता आणि सुशीलाबाई त्याच्या क्वार्टरमध्ये राहत.

काशिनाथराव त्यांच्याबरोबर चालू लागले. चालता चालता त्यांना आठवलं. कारखान्यात कुणी कामावर असताना गेलं, की पुढच्या पगारात प्रत्येकाचे दहा रुपये कापायचे आणि त्या घरी द्यायचे, अशी पद्धत होती. केशव गेला त्या महिन्यात ते काशिनाथरावांनीच कापले होते. स्वतःचेही.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दहा रुपयांचं कधी कुणी तुम्हाला विचारलं का हो? म्हणजे परत वगैरे?"

सुशीलाबाई थबकल्या. "असं काय विचारता? परत मागितले असते तर कुणाकुणाला देत बसले असते मी? हजारो माणसं." मग त्या चालू लागल्या. "मला कोण कोण ते माहीतच नव्हतं. पिपलानीच्या बाजारात भाजी घेताना समोर कुणीही आला की वाटायचं, याचे असतील. एकदा एका माणसानं मला रांगेत धक्का दिला. मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, जाऊ दे. याचेही दहा असतील."

"आणि नसले तर?"

"तरी काय बिघडलं? माझं भांडण वाचलं."

काशिनाथराव टाकीपाशी परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. ते ओट्यावर बसले. भोंगा झाला. सायकली आता नव्हत्या, मोटरसायकली होत्या. माणसं घरी चालली होती. किती वर्षं ते सगळ्यांचे दहा दहा रुपये कापत होते. ते कुणाच्या नावानं साठले नव्हते. ते परत येतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि बुडाले असंही वाटलं नव्हतं. कुणी घरी चाललेला माणूस त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला. काशिनाथरावांना तो कोण ते आठवेना. तेही हसले.

रविवारी फोन आला तेव्हा ते तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. सरोजबाईंनी ते पाहिलं आणि त्याची कॉलर नीट केली.

"वंदना, मी तुला चार वर्षं चुकीचं सांगितलं."

"असू दे, बाबा."

"असू दे कसं? मला कळत नव्हतं. तुझं काही साठत नव्हतं. एक विचारतो. तुला मूल नाही म्हणून तो जास्तीचा हप्ता. तो का?"

"कारण पुढे आम्ही म्हातारे झालो, की तेव्हा कामावर असलेल्यांच्या पगारातून आमचं भागणार. ती दुसऱ्यांची मुलं असणार. माझं त्यात कुणी नसणार. म्हणून मी आत्ता थोडं जास्त द्यायचं."

"पण तो हप्ता तिथेच राहणार म्हणालीस."

"तो राहणार. पण पेन्शन तशीच येणार. दुसऱ्यांच्या मुलांकडूनच."

"तू भोपाळला असलीस तरी?"

"तरी."

काशिनाथरावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. लांब त्या इमारतीला आता भिंती आल्या होत्या. त्यांची चौकट कुठली ते ओळखू येत नव्हतं.

"मग पाडव्यानंतर ये," ते म्हणाले. "पाच पूर्ण कर. मागू नकोस परत."

"बाबा, तुमचं घर?"

"भाड्याचं आहे की. त्यात राहू. तू आलीस की तुझी आई आणि तू आतल्या खोलीत, मी बाहेर."

"आणखी एक दिवाळी तुम्ही दोघंच."

"आम्ही दोघं नाही," सरोजबाई मध्येच म्हणाल्या. "तुझे बाबा, मी आणि त्यांची ती बटणवाली. रोज दुपारी येते म्हणे." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "ये गं लौकर. म्हणजे पाडव्यालाच, पण लौकर."

वंदना रडत होती की फोन हलत होता ते कळलं नाही. तिच्या मागे घंटी वाजली. कुणीतरी तिला बोलावत होतं. "येते," ती म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली, म्हणून ते सगळ्यांनाच म्हटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथराव आडवे झाले. वारा बरखेड्याकडून होता. त्यांना ते रस्ते दिसले, पण आज त्यांवर बर्फ पडलेला होता. चिंचेवर, कुंपणांवर, टाकीवर. एक मुलगी त्या बर्फातून कामावर निघाली होती. तिच्या हातात डबा होता. तिचा चेहरा दिसत नव्हता. ती अजून जन्मायची होती. आणि कुठेतरी एका खोलीत पांढऱ्या केसांची वंदना चहा पीत बसली होती. खोली भाड्याची होती. काशिनाथराव त्यात नव्हते. सरोजबाईही नव्हत्या. वंदनानं ओढणीला हात पुसले आणि दूधवाल्याला पैसे दिले. ती मुलगी चालत राहिली. तिला थंडी वाजत असेल, असं काशिनाथरावांच्या मनात आलं.

भोंगा झाला. ते उठून बसले.

"सरोज."

"काय?"

"त्या पोरीचं नाव काय असेल गं?"

"कुठल्या पोरीचं?"

"वंदनाला पेन्शन देईल त्या."

सरोजबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"हेडविगच असेल," त्या म्हणाल्या. "तिकडेही आजीचं नाव ठेवत असतील."

काशिनाथरावांनी मान हलवली. मग पश्चिमेच्या खिडकीकडे बघून त्यांनी हळूच दोन्ही हात जोडले.